हौदा आणि हौस

मराठी माणसाच्या डोळ्यांना पिकअप म्हणजे टेम्पो. नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट वाशीला नेणारी बोलेरो, गल्लीबोळातून सिमेंटची पोती पोचवणारा ‘छोटा हत्ती’, लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवाच्या दारात खुर्च्या आणि पातेली उतरवणारी गाडी. तिचा मालक एक, चालवणारा दुसरा आणि हौद्यात बसणारे तिसरेच. त्या गाडीतून सहकुटुंब देवदर्शनाला जाणं याचा अर्थ एकच, दुसरी सोय झाली नाही. हाच माणूस मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीट किंवा पॉइंट कुकला घर घेतो आणि वर्षभरात त्याच्या लक्षात येतं, की आजूबाजूच्या दारांत उभा आहे तो टेम्पोच. फक्त त्याला चार दारं आहेत, चामड्याच्या सीट आहेत, आणि किंमत साठ-सत्तर हजार डॉलर आहे. इथे त्याला ‘यूट’ म्हणतात. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियात सगळ्यात जास्त खपलेली गाडी होती फोर्ड रेंजर, ६३,३५६. दुसरी टोयोटा हायलक्स, ६१,१११. दोन्ही पिकअप. त्याआधी २०१६ पासून सलग सात वर्षं पहिला नंबर हायलक्सकडे होता. आणि हा देश काही शेतकऱ्यांच्या वस्त्यांचा नाही. इथली बहुतेक माणसं समुद्रकाठच्या मोजक्या मोठ्या शहरांत राहतात, डांबरी रस्त्यांवरून कामाला जातात आणि सुपरमार्केटच्या तळघरात गाडी लावतात.

अशा ठिकाणी नवी पिकअप घ्यायची ठरली, की सल्ले मिळतात ते कंपनीचे. कोणी म्हणतो डोळे झाकून हायलक्स घे, कोणी म्हणतो रेंजरसारखी बसायला दुसरी नाही, कोणी इसुझू डी-मॅक्सच्या इंजिनाची शपथ घेतो. माझ्या मते कंपनीचा प्रश्न फार पुढचा. आधी ही गाडी असल्या आकाराची आणि असल्या भावाची का झाली ते समजून घ्यावं. मग तिच्या माहितीपत्रकातले आकडे सुटे न वाचता एकमेकांतून वजा करून वाचावेत. एवढं केलं, तर शहरात राहणाऱ्या बहुतेक स्थलांतरित कुटुंबांना कळेल, की चार दारांची पिकअप त्यांच्या कामाची नाही. ज्यांना पिकअप खरोखर लागते, त्यांनाही लागणारा हौदा मनात धरलेल्या गाडीचा नसतो. या हिशेबात नवख्याची एक जमेची बाजू आहे. या गाडीचं स्वप्न पाहत तो लहानाचा मोठा झालेला नाही, त्यामुळे ‘हौद्यात काय घालणार?’ हा टेम्पोवाल्याचा प्रश्न विचारायला त्याला संकोच वाटायचं कारण नाही.

यूटची जन्मकथा ऑस्ट्रेलियात सगळ्यांना तोंडपाठ आहे. गिप्सलँडमधल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्ड कंपनीला पत्र लिहिलं, की रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी त्याच गाडीतून डुकरं बाजारात नेता येतील अशी गाडी करा. दोन गाड्या आम्हाला परवडत नाहीत. जिलाँगच्या कारखान्यातल्या लुईस बँट या तरुण आरेखकाने मोटारीच्या पुढच्या अंगाला हौदा जोडला आणि १९३४ मध्ये ती गाडी बाजारात आली. हकिकत सांगताना एक गोष्ट मात्र निसटते. त्या गाडीत माणसं दोनच बसत होती. पुढे होल्डनने १९५१ मध्ये आपली यूट आणली आणि दोन्ही कंपन्यांच्या यूट पुढे पासष्ट-सत्तर वर्षं निघत राहिल्या, पण त्यांचा ठसा बदलला नाही: पुढे मोटार, मागे लांब हौदा. २०१६ च्या ऑक्टोबरात फोर्डने आणि २०१७ च्या ऑक्टोबरात टोयोटा व होल्डनने ऑस्ट्रेलियातलं मोटार-उत्पादन थांबवलं, आणि ती जात संपली. आज यूट म्हणून जी विकली जाते तिची कुळी वेगळी आहे. ती शिडीसारख्या चेसीवर उभी असते, मागे पाट्यांचं सस्पेन्शन, आणि बहुतेक वेळा तिचा जन्म थायलंडचा.

थायलंडचाच का, याचं उत्तर इंजिनात नाही, करारात आहे. ऑस्ट्रेलिया आणि थायलंडमधला मुक्त व्यापार करार १ जानेवारी २००५ ला लागू झाला आणि थाई गाड्यांवरचं आयातशुल्क गेलं. त्याच सुमारास, २००४ मध्ये, टोयोटाने थायलंडमधून एक नवी मालिका सुरू केली होती. एकाच प्रकारच्या चेसीवर हायलक्स, फॉर्च्युनर आणि इनोव्हा. म्हणजे आपल्याकडे लग्नाच्या वऱ्हाडाला भाड्याने आणतात ती इनोव्हा आणि मेलबर्नच्या दारात मिरवणारी हायलक्स या एका घरातल्या बहिणी. एक माणसं वाहायला निघाली, दुसरी माल. थायलंडमध्येही पिकअपला मोटारीपेक्षा अबकारी कर फार कमी, म्हणून तिथे कारखाने पिकअपचेच वाढले. रेंजरचा आराखडा ऑस्ट्रेलियातल्या अभियंत्यांनी केला, पण ती तयार होते थायलंडलाच. एका देशाच्या करपद्धतीने पिकअप स्वस्तात तयार करायला शिकवलं आणि दुसऱ्या देशाच्या शुल्कमाफीने तिला दार उघडून दिलं.

पुढची करामत ऑस्ट्रेलियाच्या स्वतःच्या करांची. महागड्या मोटारींवर इथे चैन-कर आहे. २०२४-२५ मध्ये साधारण मोटारीसाठी ८०,५६७ डॉलर ही मर्यादा होती आणि तिच्या वरच्या रकमेवर ३३ टक्के. पण मुख्यतः माणसं वाहण्यासाठी नसलेल्या गाडीला हा कर लागत नाही. मग पाच जण बसतील अशी डबल कॅब माणसांची की मालाची? करखात्याची कसोटी मजेदार आहे. सीटमागे ६८ किलो धरायचे. पाच सीटचे झाले ३४०. गाडीची एकूण भारक्षमता ९०० किलो असेल तर मालाच्या वाट्याला उरले ५६०. माल माणसांपेक्षा जड, म्हणून गाडी मालवाहू. त्या हौद्यात वर्षभर एक फुटबॉल आणि ओली चटईच पडून असली तरी कागदावर ती मालवाहूच राहते. नव्वद हजार डॉलरची, वाळूत उड्या मारायला घडवलेली पिकअप चैनीची ठरत नाही आणि त्याच किमतीची सात सीटची कौटुंबिक गाडी चैनीची ठरते, ते या अडुसष्ट किलोंमुळे.

इथेच पहिला आक्षेप येतो: मग सवलत आहे तर घ्यावी ना! नोकरीतल्या आणि धंद्यातल्या लोकांत हा युक्तिवाद सगळ्यात जास्त चालतो, आणि सगळ्यात जास्त अर्धवट ऐकलेलाही तोच असतो. कंपनीने कर्मचाऱ्याला दिलेल्या गाडीवर कंपनीला लाभ-कर भरावा लागतो. यूटला त्यातून सूट आहे, पण खाजगी वापर किरकोळ असेल तरच. किरकोळ म्हणजे किती, याची करखात्याने घालून दिलेली सुरक्षित रेघ अशी: कामाच्या वाटेवर वाकडी वाट केली तर ती दोन किलोमीटरपेक्षा जास्त नको, इतर खाजगी फिरणं वर्षाला एक हजार किलोमीटरच्या आत, आणि जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरपेक्षा लांबचा एकही खाजगी प्रवास नको. ज्या गाडीची जाहिरात समुद्रकिनारा, तंबू आणि लाल मातीचे रस्ते दाखवते, तिची करसवलत मुलांना घेऊन त्या किनाऱ्यावर न जाण्याच्या अटीवर मिळते. दुसरी ऐकीव गोष्ट म्हणजे ‘पूर्ण किंमत खर्चात टाकता येते’. ऑक्टोबर २०२० ते जून २०२३ या काळात कोविडनंतरची तशी तात्पुरती योजना होती. ती संपली. त्यानंतर छोट्या धंद्यांना एका वर्षात पूर्ण वजावट मिळू लागली ती वीस हजार डॉलरपेक्षा कमी किमतीच्या वस्तूंवर, आणि साठ हजारांची यूट त्यात बसत नाही. शिवाय वजावट म्हणजे परतावा नव्हे. पंचवीस टक्के कर भरणाऱ्या छोट्या कंपनीला साठ हजार पूर्ण वजा करता आले तरी वाचतात पंधरा हजार. उरलेले पंचेचाळीस हजार खिशातूनच जातात.

आता माहितीपत्रक उघडू. जवळपास प्रत्येक डबल कॅबच्या पानावर दोन आकडे ठळक छापलेले असतात: ओढण्याची क्षमता ३,५०० किलो आणि वाहण्याची क्षमता सुमारे एक टन. वाचणारा दोन्हींची बेरीज करतो. करायची असते वजाबाकी. नमुन्यादाखल एक गाडी धरू. बाजारातल्या बऱ्याच गाड्यांचे आकडे तिच्या आसपास येतात. रिकामी गाडी २,२०० किलो. गाडीचं पासिंग, म्हणजे माणसं आणि मालासकट जास्तीत जास्त वजन, ३,२०० किलो. ओढायची क्षमता ३,५००. आणि आतल्या पानावर बारीक अक्षरात चौथा आकडा: गाडी आणि मागचा कॅराव्हॅन मिळून एकूण कमाल वजन ६,००० किलो. साडेतीन टनांचा कॅराव्हॅन जोडला तर सहा हजारांतून उरले २,५००. त्यातून गाडीचं स्वतःचं वजन गेलं की ३००. नवरा-बायको आणि दोन लहान मुलं मिळून २०० धरू. कांगारू आडवा आला तर म्हणून पुढे बसवलेला लोखंडी बंपर साठेक किलो. मागे कॅराव्हॅन अडकवायची दांडी पस्तीस. उरले पाच किलो. एक तांदळाची पिशवी. अजून फ्रिज नाही, खुर्च्या नाहीत, पाण्याचा कॅन नाही आणि हौद्यावरचं झाकणही नाही. ‘एक टन’ पूर्ण खरा आहे आणि ‘साडेतीन टन’ही पूर्ण खरा आहे, पण दोन्ही एका दिवशी खरे नसतात. त्यात आणखी एक बारकावा आहे. कॅराव्हॅनच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा जोडावर दाबतो, म्हणजे साडेतीनशे किलो गाडीच्या मागच्या आसावर येतात आणि तेवढी गाडीची स्वतःची भारक्षमता खाऊन टाकतात. रस्त्यावर तपासणी झाली किंवा अपघातानंतर विम्याचा दावा केला, तर मोजतात ते हे वजन. जाहिरातीतला आकडा तेव्हा उपयोगी पडत नाही.

वजनाचं झालं, आता हौद्याची लांबी-रुंदी. टेम्पोवाला गाडी बघताना आधी फाळका पाडतो आणि आत चढून बघतो. यूट बघणाऱ्यानेही तेच करावं. ऑस्ट्रेलियात मालाचं प्रमाण पॅलेट ११६५ मिलिमीटरचं, चौरस. हायलक्सच्या डबल कॅबमध्ये दोन चाकांच्या कमानींमधलं अंतर अकराशेच्या जेमतेम वर आहे, म्हणजे पॅलेट जमिनीवर सपाट बसत नाही. २०२२ मध्ये आलेल्या रेंजरची रुंदी वाढवली गेली, तिच्यात बसतं. पण लांबीचं दुखणं दोघींचं सारखंच. मागे तीन माणसांची सीट घातली की हौद्याला दीड मीटर आणि वर काही सेंटिमीटर एवढंच उरतं. प्लायवूडचा तक्ता २४०० बाय १२०० चा. तो आडवा मावत नाही; फाळका उघडा टाकून, दोरीने करकचून, लाल फडकं बांधून न्यावा लागतो. तोच तक्ता दोन दारांच्या, सपाट लोखंडी साटा असलेल्या साध्या यूटवर आरामात पहुडतो. ही साधी गाडी डबल कॅबपेक्षा हजारो डॉलरनी स्वस्त मिळते आणि पुष्कळदा जास्त वजन वाहते, कारण स्वतः हलकी असते. शोरूममध्ये मात्र ती मागच्या अंगणात उभी असते. टाइल लावणारा, बागकाम करणारा, स्वयंपाकघरं बसवणारा माणूस नवी गाडी घ्यायला आला तर त्याने सरळ मागच्या अंगणात जावं. अवजारं कुलपात ठेवायची असतील आणि पावसाची भीती असेल तर हायएससारखी बंद व्हॅन त्याहून बरी. तिची जमीन खाली असते, पाठ वाचते. कष्टाच्या धंद्यात पाठ वाचणं ही काही लहान बचत नव्हे.

घराच्या बाजूनेही मोजायला हवं. रेंजरची लांबी ५,३७० मिलिमीटर. ऑस्ट्रेलियाच्या पार्किंगच्या प्रमाणात एका गाडीची जागा ५.४ मीटर लांब आणि २.४ मीटर रुंद असते. म्हणजे भिंतीला नाक टेकवलं तरी मागे तीन सेंटिमीटर उरतात, आणि मागे दांडी लावली असेल तर तेही नाहीत. रुंदी आरसे सोडून १,९१८. दोन्ही बाजूंना मिळून साधारण ४८ सेंटिमीटर, त्यात दार उघडून आई बाहेर येणार आणि झोपलेलं पोर कडेवर घेणार. पोराच्या सीटचंही बघावं. सात वर्षांखालच्या मुलांना मान्यताप्राप्त बालसीट इथे कायद्याने लागते आणि तिचा वरचा पट्टा मागे अडकवावा लागतो. मोटारीत तो कप्प्यात सहज जातो. डबल कॅबमध्ये सीटच्या पाठीमागे लगेच केबिनची भिंत, त्यामुळे पाठ पुढे ओढून, फटीत हात घालून, कापडी फासातून पट्टा ओवायचा. रोज शाळेत सोडायचं असेल तर ही कसरत शोरूममध्येच, स्वतःची सीट नेऊन, एकदा करून पाहावी. विक्रेता थांबतो. त्याला थांबण्याचे पैसे मिळतात.

आणि इंजिन. यूट बहुतांश डिझेलच्या, आणि आजच्या डिझेलला काजळी अडवणारी जाळी असते. ती जाळी तापून स्वतःला साफ करते, पण त्यासाठी गाडी काही काळ सलग वेगात धावावी लागते. रोज तीन किलोमीटर शाळा, पाच किलोमीटर स्टेशन, दोन किलोमीटर भाजी असा वापर तिच्या प्रकृतीला मानवत नाही. टोयोटाच्या २०१५ ते २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात विकलेल्या सुमारे २ लाख ६४ हजार डिझेल हायलक्स, फॉर्च्युनर आणि प्राडो गाड्यांच्या जाळीचा खटला फेडरल कोर्टात गेला आणि २०२२ मध्ये कोर्टाने ती यंत्रणा सदोष ठरवली. नंतर तो सर्वोच्च पातळीपर्यंत लढला गेला. तो दोष त्या यंत्रणेच्या रचनेतलाच होता. पण तो उघडा कधी पडत होता? गाडी नियमितपणे ताशी शंभरच्या आसपास सलग चालवली तेव्हा. मात्र छोट्या फेऱ्यांचं दुखणं सगळ्याच डिझेलना कमी-अधिक आहे. शहरातल्या माणसाने डिझेल यूट घेतली तर गाडीच्या तब्येतीसाठी तिला अधूनमधून हायवेवर फिरवून आणावी लागते.

आता आक्षेपांकडे. ‘वर्षातून चार वेळा तरी हौदा लागतोच, सोफा आणायला, बागेची माती आणायला, कचरा टाकायला.’ खरं आहे, लागतो. त्यासाठी इथे सहा बाय चार फुटांचा ट्रेलर पेट्रोलपंपावर किंवा बनिंग्जसारख्या हार्डवेअरच्या दुकानात काही तासांच्या भाड्याने मिळतो. स्वतंत्र ब्रेक नसलेला ट्रेलर मालासकट साडेसातशे किलोपर्यंत साध्या मोटारीमागे जोडता येतो, मोटारीची क्षमता तेवढी असेल तर. काही हायब्रिड गाड्यांची मर्यादा पाचशेच्याही खाली आहे, म्हणून आधी पुस्तिका पाहावी. चार फेऱ्यांसाठी वर्षभर सव्वादोन टनांची गाडी पोसायची, की चार वेळा ट्रेलर आणायचा, हे गणित चौथीतल्या मुलाला सुटेल. मातीबद्दल एक सांगायला हवं. ओली माती घनमीटरला दीड टनाच्या आसपास भरते. ती ना ट्रेलरमध्ये एका खेपेत येते ना डबल कॅबमध्ये. ती घरपोच मागवावी.

‘उंच बसलं की सुरक्षित वाटतं,’ हा आक्षेप सहसा प्रेमापोटी येतो, मुलांसाठी. आतल्या माणसांना जड गाडीचा फायदा होतो हे नाकारण्यात अर्थ नाही. पण अमेरिकेतल्या महामार्ग-सुरक्षेच्या विमासंस्थेने २०२३ मध्ये मांडलेला अभ्यास सांगतो, की चाळीस इंचांपेक्षा उंच नाक असलेली गाडी पादचाऱ्याला धडकली तर तो दगावण्याची शक्यता बसक्या, उतरत्या नाकाच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त. उपनगरातल्या ड्राइव्हवेवर नाकासमोर खेळत असतात ती बऱ्याचदा आपलीच मुलं. ज्यांना यूटही अपुरी वाटते ते रॅम, एफ-१५० अशा अमेरिकन पिकअप घेतात. त्या मेलबर्नच्या कारखान्यांत उजव्या स्टिअरिंगच्या करून विकल्या जातात, साडेचार टन ओढतात आणि पार्किंगच्या रेघेबाहेर अर्धा मीटर येतात. त्यांच्याविषयी एवढंच पुरे.

‘विकताना भाव चांगला येतो’ हे बव्हंशी खरं, आणि डबल कॅबच्या बाजूचा हाच मला सगळ्यात वजनदार मुद्दा वाटतो. पण त्यालाही आता तडा जातोय. नव्या गाड्यांच्या धुराचे राष्ट्रीय मापदंड १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. हलक्या मालवाहू गाड्यांसाठी किलोमीटरला सरासरी २१० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची मर्यादा २०२९ पर्यंत ११० वर यायची आहे आणि कंपनीने ती ओलांडली तर प्रत्येक गाडीमागे, प्रत्येक ग्रॅमला दंड. म्हणून तर प्लगवर चार्ज होणाऱ्या हायब्रिड पिकअप अचानक दिसू लागल्या. २०२४ च्या अखेरीस आलेली चिनी बीवायडी शार्क त्यातली गाजलेली. आली तेव्हाचे तिचे आकडे: ५७,९०० डॉलर अधिक नोंदणीचा खर्च, वाहायला ७९० किलो, ओढायला २,५०० किलो. डबल कॅबचे भक्त हे आकडे बघून नाक मुरडतात. मला ते जास्त प्रामाणिक वाटतात. घरात चार्जिंगची सोय असेल, रोजचं जाणंयेणं चाळीस-पन्नास किलोमीटरचं असेल आणि डबल कॅब घ्यायचीच असेल, तर काजळीच्या जाळीची उस्तवार करण्यापेक्षा ही वाट बरी. मात्र पाच वर्षांनी आजच्या डिझेलला कालच्या डिझेलएवढा भाव येईल हे गृहीत धरून हप्ते बांधू नयेत.

स्वदेशीचा मुद्दाही निघतोच. महिंद्राची ‘पिक-अप’ ऑस्ट्रेलियात बरीच वर्षं विकली जाते. ती स्कॉर्पिओच्या घराण्यातली, आणि २००२ मध्ये आलेल्या स्कॉर्पिओचं नाशिकशी नातं जुनं. एक टनाहून अधिक वाहते, अडीच टन ओढते आणि तिची किंमत बाजारातल्या स्वस्त गाड्यांत मोडते. शेतावर, बागेत, द्राक्षमळ्यात तिने नाव कमावलं आहे. टाटांची झेनॉनही २०१३ मध्ये इथे आली होती. काही वर्षांत गेली, आणि तिच्या मालकांना सुट्या भागांचा प्रश्न ठेवून गेली. तेव्हा ‘आपली’ म्हणून घेऊ नये आणि ‘आपली’ म्हणून हसूही नये. जवळचा सर्व्हिस डीलर किती किलोमीटरवर आहे आणि सुरक्षेच्या चाचणीत तिला किती तारे मिळाले आहेत, हे दोन प्रश्न जपानी गाडीला विचारतो तसेच तिलाही विचारावेत.

शेवटचा आक्षेप आकड्यांनी खोडता येत नाही. परदेशात आलेल्या माणसाला तिथलं होऊन जगायचं असतं. शनिवारी शेजारी कॅराव्हॅन जोडून निघतो, ऑफिसातले लोक वाळूत गाडी कशी अडकली ते सांगतात, आणि आपण मात्र मोटार धूत असतो. त्यातून आपल्याकडे जी गाडी हमालीची, ती इथे प्रतिष्ठेची. गवंडी, प्लंबर, सुतार इथे चांगलं कमावतात आणि त्यांचीच गाडी वकिलांनी, डॉक्टरांनी उचलली. कष्टकऱ्याच्या वाहनाला असा मान मिळतो ही गोष्ट आपल्या जातीपातीत मुरलेल्या डोळ्यांना चांगलीच झणझणीत आहे, आणि त्या मानात आपलाही वाटा असावा असं कोणाला वाटलं तर त्यात हसण्यासारखं काही नाही. हौसेला मोल नसतं असं आपण म्हणतो. हप्ता मात्र असतो, तोही पाच ते सात वर्षांचा. ज्याला खरंच दर पंधरवड्याला वाळूत, डोंगरात, कॅराव्हॅन घेऊन जायचं आहे आणि जो वजनाची वर सांगितलेली वजाबाकी करूनच जाईल, त्याने डबल कॅब जरूर घ्यावी. दोन टनांपर्यंतचा कॅराव्हॅन मागे लावावा, मजेत फिरावं. पण ‘कधीतरी जाऊ’ म्हणणाऱ्याने आधी दोन वर्षं भाड्याच्या यूटने जाऊन पाहावं. नव्या देशात पहिली पाच वर्षं गाडीपेक्षा घराच्या कर्जाला, आईवडिलांच्या तिकिटांना आणि मोकळ्या श्वासाला पैसे लागतात.

तरीही शोरूमला निघालात, तर तीन वस्तू बरोबर न्या: मुलाची सीट, वजाबाकीला कागद, आणि मोजायचा टेप. गॅरेजची आतली खोली घरून मोजून न्या. टेप मात्र आठ मीटरचा घ्या. पाच मीटरचा या गाड्यांना पुरत नाही.